पऱ्या इच्छा पूर्ण करतात, मग गोष्ट अडते कुठे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नऊ ते बारा वयाच्या मुलांसाठी फँटसी कादंबरी लिहिताय. ढगांच्या वर पऱ्यांचं गाव आहे, तिथून पऱ्या खाली येतात आणि माणसांच्या इच्छा पूर्ण करतात, नायिका म्हणजे नुकतंच ट्रेनिंग संपवलेली एक छोटी परी. पहिले तीन चॅप्टर मस्त झाले, चौथ्यापासून सगळं सपाट व्हायला लागलं, आणि ओळखीतल्या एका मुलीला वाचायला दिलं तर तिने विचारलं, "ही परी काहीही करू शकते ना, मग रडत का बसलीये?" आता तुम्हाला वाटतंय की तिच्यापर्यंत भावना पोचली नाही, म्हणून रडण्याचा प्रसंग अजून खुलवावा का.

नका खुलवू. त्या मुलीने अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय. मी बरीच वर्षं मुलांसाठी लिहितेय आणि त्याहून जास्त दुसऱ्यांची हस्तलिखितं एडिट करतेय, इच्छा पूर्ण करणाऱ्या पऱ्यांच्या गोष्टी त्यात सारख्या येतात आणि जवळजवळ सगळ्या ह्याच ठिकाणी रुततात, की परीला इच्छा पूर्ण करताना स्वतःचं काहीच द्यावं लागत नाही. कांडी फिरवली, झालं काम. मग चौथ्या चॅप्टरला वाचणाऱ्या मुलाला कळून चुकतं की पुढे कितीही मोठं संकट आलं तरी कांडी आहेच, आणि तो पुस्तक बाजूला ठेवतो. मुलं ह्या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात, मोठा माणूस लेखकाचा मान राखून पुढे वाचत राहतो, मूल नाही वाचत.

तर परीला किंमत मोजायला लावा. बाकी मी खाली जे काही लिहिणार आहे ते सगळं ह्याच एका गोष्टीभोवती आहे.

सुरुवात मर्यादांपासून. मर्यादा हव्यात हे तुम्हालाही माहीतच आहे, तुमच्या पऱ्या "फक्त तीन इच्छा" देतात असं तुम्ही लिहिलंयत. पण तीनच का? कठोपनिषदातला नचिकेत आठवा. बाप रागाच्या भरात बोलून जातो की तुला यमाला दिलं, पोरगा खरंच यमाच्या दारात जाऊन उभा राहतो, यम घरी नाही, आणि हा तीन रात्री उपाशी बसून राहतो. यम आल्यावर त्याला टोचतं की आपल्या दारात पाहुणा उपाशी राहिला, म्हणून तीन रात्रींचे तीन वर. संपला विषय, तीन का असं कुणी विचारतच नाही. आणि पहिला वर तो काय मागतो बघा, वडिलांचा राग शांत होऊ दे, मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखावं आणि प्रेमाने बोलावं. इतक्या जुन्या ग्रंथात एका मुलाच्या तोंडी पहिली इच्छा ही आहे! मुलांच्या इच्छांबद्दल ह्यापेक्षा खरं काही मी अजून वाचलेलं नाही. तुमच्या तीन आकड्यालाही असं कारण द्या, आणि कारण गोष्टीत घडलेलं असू द्या, राणीपरीच्या पुस्तकात लिहिलेलं नको.

दुसरं, मर्यादा अशी हवी की तिच्यामुळे गोष्ट पळायला लागेल. सिंड्रेलाचं उदाहरण घेते कारण ते सगळ्यांना पाठ आहे. शार्ल पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या रूपात परी आहे, भोपळ्याची बग्गी आहे आणि बाराच्या ठोक्याची अट आहे, त्या अटीमुळे तिला पळावं लागतं आणि पळताना बूट सुटतो. ग्रिम बंधूंच्या १८५७ च्या शेवटच्या आवृत्तीत परीच नाही, आईच्या थडग्यावर वाढलेलं झाड आणि त्यावरचा पक्षी तिला कपडे देतो, आणि मध्यरात्रीची अटसुद्धा नाही. मग बूट सुटणार कसा? तिथे राजपुत्राला जिन्याला डांबर फासून ठेवावं लागतं. म्हणजे अट काढली की तिचं काम करायला दुसरं काहीतरी आणावंच लागतं, आणि ते बाहेरून आणलेलं असतं. पेरोची अट मला जास्त आवडते ती ह्यासाठी की जादू आणि अडचण एकाच हातातून मिळतात.

ई. नेस्बिट यांची १९०२ ची एक कादंबरी आहे, पाच भावंडांना वाळूत एक विचित्र प्राणी सापडतो, तो वाळूपरी असतो. गोगलगाईसारखे देठांवरचे डोळे, वटवाघळाचे कान, अंगभर केस, आणि स्वभावाने भयंकर चिडका. रोज एक इच्छा, आणि सूर्य मावळला की जे काही मिळालं असेल ते नाहीसं. शिवाय इच्छा द्यायची म्हणजे त्याला अंग फुगवावं लागतं, दमतो तो, आणि पाण्याला जाम घाबरतो. मुलं पहिल्याच दिवशी मागतात की आम्हाला खूप सुंदर होऊ दे, होतात, आणि घरी गेल्यावर कुणी त्यांना ओळखतच नाही, धाकटं बाळसुद्धा त्यांच्याकडे बघून रडतं, दार लावून घेतात, आणि दिवसभर उपाशी फिरायची वेळ येते. शंभराहून जास्त वर्षं झाली तरी त्या पुस्तकाचं यंत्र अजून झकास चालतं कारण मर्यादा (मावळतीची वेळ) आणि किंमत (त्या प्राण्याचं दमणं) दोन्ही डोळ्यांनी दिसतात. तुमच्या परीच्या बाबतीत मला पंखांचा रंग कळला, कपडे कळले, पण कांडी फिरवल्यावर तिला काय होतं हे शंभर पानांत एकदाही कळलं नाही.

एक शिस्त मात्र पाळाच, नियम लागायच्या आधी सांगितलेला असला पाहिजे. अकराव्या चॅप्टरमध्ये परी कोंडली जाते आणि तेव्हा पहिल्यांदा कळतं की पऱ्यांना लोखंडी दरवाजा उघडता येत नाही, असं केलंत की मुलाला ती फसवणूक वाटते. हाच नियम दुसऱ्या चॅप्टरमध्ये सहज, गमतीत आला असेल, परी एखाद्या गेटपाशी अडखळते आणि वरून उडून जाते, की मग अकराव्यात तेच मूल टाळ्या वाजवतं, कारण त्याला आठवतं. आणि नियम कमी ठेवा. दोन-तीन. त्याहून जास्त झाले की लेखकाच्याच लक्षात राहत नाहीत, मुलांच्या मात्र राहतात, आणि ती येऊन तुम्हाला चूक दाखवतात.

नियम केला की त्यातली पळवाट शोधायला मुलांना जी मजा येते तिला तोड नाही. हिरण्यकशिपूने किती विचार करून मागितलं, माणसाकडून नाही प्राण्याकडून नाही, दिवसा नाही रात्री नाही, घरात नाही बाहेर नाही, आणि तरी उंबरठा राहिला, संध्याकाळ राहिली, नरसिंह राहिला. सावित्रीला यम म्हणतो सत्यवानाचे प्राण सोडून काहीही माग, ती मागत मागत स्वतःच्या शंभर पुत्रांपर्यंत येते आणि यम तथास्तु म्हणून बसतो. वर आणि त्यातली फट हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय, परीकथा लिहायला बसलो की नेमकं हेच विसरतो आणि कुठल्यातरी गुलाबी ढगावर जाऊन बसतो. पळवाट चांगली कधी, जेव्हा ती मागणीच्या शब्दांतच लपलेली असते आणि वाचणाऱ्याला स्वतः सापडू शकली असती.

आता हे सगळं एका इच्छेवर प्रत्यक्ष करून दाखवते, नुसतं सांगून उपयोग नाही. तुमच्या पाचव्या चॅप्टरमध्ये एक मुलगा सायकल मागतो आणि त्याला मिळते. त्याच्याऐवजी समजा तो मागतो, "आमच्या घरात कुणी ओरडू नये." परी देते. दुसऱ्या दिवशी सकाळी घर शांत, त्याला स्वर्ग वाटतो. मग आजी बाथरूममध्ये अडकते, कडी जाम झालीये, आणि तिला हाक मारता येत नाही, आवाजच वर चढत नाही, कितीतरी वेळ ती आत दारावर टकटक करत बसते. मुलगा स्वतः पळत येऊन आनंदाची बातमी सांगायला जातो तर तीही कुजबुजल्यासारखीच निघते. आणि आई-बाबा? ते भांडायचे थांबलेले नाहीतच, ते आता चिठ्ठ्या लिहून भांडतात आणि चिठ्ठ्या फ्रीजच्या दारावर लावतात. आधी भांडण ऐकू यायचं आणि विरून जायचं, आता ते दिवसभर तिथे चिकटलेलं असतं, पाणी प्यायला गेलं की दिसतं.

बघा, ह्यात मी एकही संकट बाहेरून आणलेलं नाही. कुणी दुष्ट चेटकीण नाही, राक्षस नाही, जे झालं ते त्याच्याच वाक्यातून झालं. त्याने मागितलं होतं की ओरडू नये, त्याला हवं होतं की भांडू नये. ह्या दोन्हींमध्ये जे अंतर आहे तिथेच तुमची कादंबरी आहे. पळवाटही त्याच वाक्यात आहे, तो म्हणाला होता "घरात". म्हणजे गच्चीवर आवाज चढू शकतो. हे त्याला नवव्या चॅप्टरमध्ये सुचतं, तो आई-बाबांना ओढत गच्चीवर नेतो, आणि तिथे ते आधी जोरात ओरडतात आणि मग, बऱ्याच दिवसांनी, बोलतात. सगळं मिटतं असं नाही दाखवायचं. पण पोराने स्वतः काहीतरी केलं, परीने नाही केलं, हे फार महत्त्वाचं आहे. शेवटचा डाव नेहमी मुलाच्या हातात ठेवा.

इथे एक सावधान. जुन्या इच्छांच्या गोष्टींमध्ये मागणाऱ्याला शिक्षा होते, कोळ्याची बायको राजवाडा मागते, मग राणीपद, मग देवपण, आणि परत झोपडीत येते. गोष्ट उत्तम आहे, पण मुलांसाठी लिहिताना प्रत्येक इच्छेला शिक्षा लावत गेलात तर पुस्तक म्हणायला लागतं की काही मागणंच वाईट. मला हे अजिबात मान्य नाही. मुलाने मागावं. वर सांगितलेल्या गोष्टीत त्या मुलाची इच्छा चांगलीच होती, फक्त शब्द अपुरे पडले, आणि नऊ वर्षांच्या मुलाचे शब्द अपुरे पडणारच, त्यात त्याचा काय दोष. परिणाम दाखवा, शिक्षा देऊ नका. फरक कसा ओळखायचा तर वाचताना तुम्ही मुलाच्या बाजूने आहात की त्याला धडा शिकवताय हे स्वतःला विचारा, लगेच कळतं.

मुलांच्या इच्छा मिळवायच्या कशा असंही तुम्ही विचारलंयत. मुलांना एकदा विचारलंत तर पंख, मोबाईल, सुट्टी, अदृश्य होणं असंच येणार, ते पहिल्या थरातलं असतं आणि तिथे थांबलात तर तुमच्या सगळ्या इच्छा एकसारख्या होतात. मी मुलांसोबत लिहिण्याचे वर्ग घेते तेव्हा कागदावर नाव न लिहिता तीन-चार इच्छा लिहायला सांगते, आणि शेवटची एक अशी जी कुणाला सांगितली नसती. शेवटच्या ओळी वाचायच्या असतात. तिथे असं काही सापडतं: "ती परत माझ्याशी बोलावी." "मला वर्गात मोठ्याने वाचायला सांगू नये." "आमचा कुत्रा परत यावा." हे कागद मी जवळ ठेवत नाही आणि कुणाची ओळ जशीच्या तशी पुस्तकात वापरत नाही, तुम्हीही वापरू नका, पण कोणत्या जातीच्या इच्छा असतात हे कळतं, आणि एकदा कळलं की सायकल मागणारा मुलगा लिहावासाच वाटत नाही.

आता परी. तिची किंमत काय ठेवायची हे तुम्हीच ठरवा, पण मी एक सुचवते कारण ते तुमच्या गोष्टीत आपोआप बसतं. परी इच्छा पूर्ण करते म्हणजे त्या मुलाच्या मनातलं ते दुखणं एका रात्रीपुरतं तिच्याकडे येतं. जे त्याला वाटत होतं ते सकाळपर्यंत तिला वाटतं. सध्या तुमच्याकडे हा प्रसंग असा आहे की परीने चमचमणारी कांडी फिरवली, क्षणात सगळीकडे प्रकाश पसरला आणि तिचे डोळे पाणावले. तोच असा करून बघा:

कांडी फिरवून झाली. खोलीत मुलगा झोपून गेला, तोंड उघडं टाकून, एक पाय पलंगाबाहेर. आणि इकडे खिडकीच्या गजावर बसलेल्या परीच्या पोटात दुखायला लागलं. मघापर्यंत हे दुखणं त्याच्या पोटात होतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी कपाट आपटलं आणि ती दचकली. पऱ्या दचकत नाहीत. तिने दोन्ही हात कानांवर ठेवले, पंख अंगाभोवती घट्ट ओढले आणि उजाडायची वाट बघत बसली.

रडण्याचा शब्दसुद्धा नाही आणि ती का रडेल हे मुलाला बरोबर समजतं. शिवाय आता प्रत्येक इच्छेला वजन आलं. पुढच्या मुलाची इच्छा घ्यायची की नाही ह्याचा तिला विचार करावा लागेल, तिला भीती वाटेल, ती टाळेल, खोटं बोलेल, दुसऱ्या परीवर ढकलेल. म्हणजे ती पात्र झाली, नुसती जादूची वस्तू राहिली नाही. जे. एम. बॅरी यांनी पीटर पॅनच्या त्यांच्या १९११ च्या कादंबरीत पऱ्यांबद्दल एक भारी गोष्ट सांगितलीये, पऱ्या इतक्या लहान असतात की त्यांच्यात एका वेळी एकच भावना मावते, म्हणून त्या कादंबरीतली परी एका क्षणी पूर्ण दुष्ट असते आणि एका क्षणी पूर्ण चांगली. बघा हं, हासुद्धा नियमच आहे, पण जादूचा नाही, स्वभावाचा, आणि तिच्या अंगाच्या आकारातून आलेला. असा एक नियम तुमच्या परीला सापडला तर तिचे संवाद आपोआप सुचायला लागतील.

मधला भाग सपाट का झाला ह्याचं दुसरं कारण तुमच्या चॅप्टरच्या यादीतच दिसतं. चौथ्यात एक मुलगी, पाचव्यात सायकलवाला मुलगा, सहाव्यात म्हातारे आजोबा, सातव्यात अजून कुणी, प्रत्येकाची इच्छा पूर्ण झाली की तो माणूस गोष्टीतून जातो. हे कॅलेंडरच्या पानांसारखं झालंय, कुठलंही पान काढा, बाकीच्यांना फरक पडत नाही. इच्छा एकमेकींवर आदळल्या पाहिजेत. एका मुलीला मॅच नको आहे कारण तिला टीममध्ये घेतलं तरी खेळायला भीती वाटते, ती पाऊस मागते. त्याच दिवशी तिचीच मैत्रीण ऊन मागते, कारण तिच्यासाठी ती मॅच सगळं काही आहे. दोन पऱ्या, दोन इच्छा, एकच आकाश. किंवा ओरडू नये म्हणणाऱ्याच्या इच्छेमुळे वरच्या मजल्यावरच्या आजोबांना, ज्यांना त्या आवाजाची सोबत होती, अचानक घर खायला उठतं आणि ते जे मागतात ते पहिल्याच्या विरुद्ध असतं. मी सुचवेन की सात-आठ इच्छा कमी करून चार करा, आणि चारही माणसं शेवटपर्यंत ठेवा. कागदावर नावं लिहून बाण काढा, कुणाच्या इच्छेचा कुणाला फटका बसला, ज्याच्याकडे एकही बाण जात नाही किंवा येत नाही ते पात्र काढून टाका, मग ते कितीही गोड असो.

तुमच्याकडे एक इच्छा आहे जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं. नवव्या चॅप्टरमध्ये आई गेलेली एक मुलगी आई परत मागते, आणि राणीपरी सांगते की तुझं मन पूर्ण शुद्ध असतं आणि तू मनापासून विश्वास ठेवला असतास तर झालं असतं. हे कृपा करून काढा. तुमचा हेतू वाईट नाही, तुम्हाला विश्वासाचं महत्त्व दाखवायचं होतं, पण हे पुस्तक अशा एखाद्या मुलाच्या हातात पडणार ज्याची आई खरंच गेलीये किंवा दवाखान्यात आहे, आणि ते मूल ह्यातून एकच अर्थ काढणार की माझा विश्वास कमी पडला. मुलं तशीही घरातल्या वाईट गोष्टींचा दोष स्वतःकडे घेतात, मी त्या दिवशी रागाने असं बोललो म्हणून असं झालं वगैरे, आपण त्याला छापील पुरावा द्यायचा नाही. विश्वासाने परी वाचते हा प्रसंग बॅरी यांच्याच १९०४ च्या नाटकात आहे, प्रेक्षकांतल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या की मरायला टेकलेली परी जगते, आणि रंगमंचावर ते जबरदस्त चालतं कारण टाळ्या पडतातच आणि परी जगतेच. तिथे पणाला परी लागलेली आहे. आई नाही.

मग काय करायचं? सरळ सांगायचं की हे पऱ्यांना करता येत नाही. कुणालाच येत नाही. आणि हे दुसऱ्या चॅप्टरमधल्या दोन-तीन नियमांपैकी एक असू द्या, म्हणजे नवव्यात तो बहाणा वाटणार नाही. परीने विषय बदलू नये, त्याऐवजी हे घे असंही म्हणू नये. यमसुद्धा नचिकेताला तिसरा वर टाळायला लावण्यासाठी हत्ती-घोडे देतो म्हणतो, सोनं, राज्य, हवं तेवढं आयुष्य देतो म्हणतो, आणि ते पोर म्हणतं हे सगळं तुझं तुझ्याकडे ठेव, मी जे विचारलंय ते सांग. मुलांना टाळलेलं कळतं. तुमच्या परीला ती इच्छा पूर्ण करता येत नाही, पण किंमतीचा नियम आहेच ना, ते दुखणं एका रात्रीपुरतं वाटून घेता येतं. ती बसते त्या मुलीजवळ, आणि मुलगी आईबद्दल सांगते, आई चप्पल कशी उलटी काढायची, गाणं कुठल्या ओळीला विसरायची. हा चॅप्टर मोठा होऊ द्या. संपादक म्हणून मी सगळीकडे कात्री घेऊन बसलेली असते, इथे नाही लावणार.

भाषेबद्दल थोडंच. विशेषणं निम्मी करा, चमचमणारं, मखमली, सोनेरी, नाजूक, हे एका वाक्यात चार आले की काहीच दिसत नाही. पात्रांची नावं वेगवेगळ्या अक्षरांनी सुरू होऊ द्या, तुमच्याकडे नीलपरी, नीलिमा आणि निशा तिघी आहेत, मूल गोंधळतं. माणसांची मुलं आपली मुलं बोलतात तशी बोलू द्या, बोअर झालं, सॉरी, चल ना यार, सगळं चालेल. परीची भाषा वेगळी करायची तर अवघड शब्दांनी नको, तिला काय माहीत नाही ह्यातून करा, ढगांच्या गावात कुलूप नसतं, रांग नसते, उद्या ये म्हणणं नसतं, तर ती ह्या गोष्टींना काय म्हणेल? आणि पूर्ण मसुदा एकदा मोठ्याने वाचा, कारण बरीच घरं हे पुस्तक धाकट्या भावंडांना वाचून दाखवणार, जिथे तुमचा श्वास संपतो तिथे वाक्य तोडा. एवढं पुरे. चित्रांची काळजी आत्ता करू नका.

शेवट. तुमच्या आराखड्यात परी जाताना सगळ्यांच्या आठवणी पुसून जाते आणि सकाळी सगळं पहिल्यासारखं असतं. असं करू नका, कारण मग वाचलं कशासाठी? स्वप्न होतं असं सांगणं आणि आठवण पुसणं दोन्ही एकच, मुलाने दोनशे पानं जी काळजी केली ती परत घेतल्यासारखं होतं. जादू मागे घ्यायची असेल तर घ्या, घरात परत ओरडता येऊ दे, पाऊस थांबू दे, पण जे मुलांनी स्वतः केलं ते राहिलं पाहिजे, गच्चीवरचं बोलणं राहिलं पाहिजे, मॅचला घाबरणारीने मैत्रिणीला जे खरं सांगितलं ते राहिलं पाहिजे. आठवण पुसणं पऱ्यांच्या गावाचा कायदाच असेल आणि तुम्हाला तो सोडवत नसेल तर मग त्यालाही किंमत लावा, म्हणजे माणसांची नाही, परीची आठवण जाते, आणि परत जायचं की इथे राहायचं हे तिला ते माहीत असताना ठरवावं लागतं. ह्यातला कुठला शेवट घ्यायचा ते आत्ता ठरवू नका, आधी चौथा ते नववा चॅप्टर किंमतीच्या नियमासकट परत लिहा, मग शेवट दोन्ही प्रकारे लिहून बघा, आणि पाठवलेत तर मी नक्की वाचेन.